परदेशी सेवेला निघताना: आधी पाहुणी व्हायला शिक

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी २२ वर्षांची आहे. शिक्षण नुकतंच संपलं आहे आणि एका ख्रिस्ती संस्थेने तिला वर्षभराच्या सेवेसाठी परदेशात निवडलं आहे. राहायचं एका स्थानिक कुटुंबात, काम तिथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, समाजकेंद्रात. निघण्यापूर्वी काय पक्कं करून घ्यावं, एकटेपणा आला तर काय करावं, विश्वास कसा टिकवावा, मी तिथे खरंच उपयोगी पडेन का, आणि आईवडिलांची काळजी कशी कमी करावी, असं तिने विचारलं आहे.

उपयोगाचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

तू उपयोगी पडशील, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत फारशी नाही. भाषा अर्धवट कळत असते, केंद्रात येणाऱ्यांची नावं लक्षात राहत नाहीत, वाजणारा फोन उचलायचा धीर होत नाही. घरी चार कामं एकटीने निभावणाऱ्या मुलीला तिथे बसचं तिकीट कसं काढायचं इथपासून विचारावं लागतं. बहुतेक तरुण स्वयंसेवक इथेच खचतात. ‘मी सेवा करायला आले आणि इथे सगळे माझीच सेवा करताहेत’ हे मी दरवर्षी कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकते. तरुणांना बाहेर पाठवण्याचं आणि बाहेरून आलेल्यांना सांभाळण्याचं काम मी बराच काळ करते आहे. त्यातून माझं मत असं झालं आहे की ज्यांना पाहुणचार मनापासून घेता येतो, त्यांच्या हातून पुढे चांगली सेवा घडते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव पाठवतो तो भाग निघण्यापूर्वी सावकाश वाच. थैली, झोळी, वहाणा बरोबर नकोत. ज्या घरात स्वीकार होईल तिथेच राहायचं, घरं बदलत फिरायचं नाही, पुढे वाढलं जाईल ते खायचं. आजाऱ्यांना बरं करा ही आज्ञा नवव्या वचनात येते आणि वाढलेलं खा ही आठव्या वचनात. पाठवलेला माणूस त्या गावात शिरतो तो जेवण आणि निवारा हवा असलेला माणूस म्हणून. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तू कुणाच्या तरी दारात गरज घेऊन उभी राहतेस, घरातले लोक दार उघडतात, आणि तिथून नातं सुरू होतं. गरज लपवलीस तर ते दार बंदच राहतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून मदत मागत जा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यात लहान मुलाला विचार, कारण त्या दोघांकडे वेळ असतो आणि तुझ्या चुकांचं त्यांना ओझं होत नाही. कचरा कधी बाहेर ठेवायचा, पाहुण्याने भांडी घासावीत का, खोलीचं दार लावून घेतलं तर उद्धटपणा वाटतो का, हे सगळं विचारूनच कळतं. यजमानांच्या घरातलं एक काम दुसऱ्या आठवड्यापासून आपलं म्हणून मागून घे. ते छोटं असू दे, पण रोजचं असू दे. रोजच्या कामामुळे पाहुणी हळूहळू घरची होते.

भाषेबद्दल टॉम आणि बेटी सू ब्रूस्टर या दांपत्याचा सल्ला मला अजूनही सर्वोत्तम वाटतो. १९७० आणि १९८०च्या दशकांत त्यांनी जगभरच्या नव्या मिशनऱ्यांना भाषा शिकण्याची पद्धत शिकवली. त्यांचा आग्रह असा की पहिले आठवडे परदेशी सहकाऱ्यांच्या घोळक्यात न घालवता स्थानिक कुटुंबात घालवावेत, थोडंच शिकावं आणि तेच दिवसभर पुष्कळ लोकांशी बोलावं. चार वाक्यं पाठ कर: मी कोण, इथे का आले, तुमची भाषा शिकते आहे, मला एवढंच येतं. मग रस्त्यावर, बसथांब्यावर, उपासनेनंतर भेटेल त्याला ती म्हण. दहाव्या माणसापर्यंत उच्चार सुधारलेला असतो आणि दहा ओळखी झालेल्या असतात. मोबाइलवरची ॲप्स शब्द शिकवतात, पण माणसं भेटवत नाहीत. निघण्यापूर्वी वेळ थोडाच असेल तर प्रभूची प्रार्थना त्या भाषेत पाठ कर. पहिल्या रविवारी सगळ्या उपासनेतलं तेवढंच तुला कळेल, पण ते सगळ्यांच्या बरोबरीने म्हणता येईल.

आता कागदपत्रं. इथे श्रद्धेच्या नावाखाली ढिलाई करू नकोस. पैसे मिळत नाहीत म्हणजे ते काम धरलं जात नाही, हा समज अनेक देशांच्या कायद्यात टिकत नाही. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त काळासाठी चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो. त्याला परवानाधारक स्पॉन्सर संस्था हवी, मुदत जास्तीत जास्त १२ महिने, पगार घेता येत नाही आणि संस्थेतली कायमची जागा भरता येत नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. ते दिवस सगळ्या शेंगेन देशांचे मिळून मोजतात, आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात धरतात. विमानतळावर ‘कशासाठी आलात?’ असं विचारलं तर व्हिसावर लिहिलं आहे तेच उत्तर खरं असायला हवं. ‘फिरायला आले असं सांग’ असं कुणी संस्था सुचवत असेल तर तिथे जाऊ नकोस. खोटं बोलून सुरू केलेल्या सेवेत पहिल्या दिवसापासून भीती सोबत राहते.

पैशांचं गणित प्रत्येक संस्थेत वेगळं असतं आणि ते उघडपणे विचारण्यात काहीही वावगं नाही. १९६०मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी सुरू केलेल्या यूथ विथ अ मिशन या मिशनरी संस्थेच्या शिष्यत्व प्रशिक्षणात साधारण तीन महिने वर्ग आणि पुढचे दोन-तीन महिने प्रत्यक्ष सेवा असते, आणि त्याची फी सहभागी होणारा भरतो. मर्सी शिप्सच्या रुग्णालय-जहाजांवर डॉक्टर-परिचारिकांपासून स्वयंपाक्यांपर्यंत बहुतेक सगळे स्वतःचा खर्च स्वतः उभा करतात. ऑपरेशन मोबिलायझेशन या मिशनरी संस्थेच्या लोगोस होप या जहाजावरही तसंच. मेनोनाइट सेंट्रल कमिटी ही ख्रिस्ती मदतसंस्था वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांना वर्षभरासाठी अमेरिका-कॅनडात बोलावते, तेव्हा यजमान कुटुंब आणि मंडळी त्या व्यवस्थेचाच भाग असतात. जर्मनीत दियाकोनी आणि कारितास या चर्चच्या समाजसेवी संस्था सरकारमान्य स्वयंसेवा वर्षासाठी तरुणांना घेतात. त्यात पॉकेटमनी आणि सामाजिक विमा मिळतो आणि १२ महिन्यांत २५ दिवस शिबिरांसाठी राखलेले असतात. ती तरतूद मला आवडते, कारण ते वर्ष शिकण्याचंही आहे हे तिथे कायद्यानेच मान्य केलं आहे.

तुझ्या संस्थेकडून लेखी उत्तरं घे. आठवड्याला किती तास काम आणि कोणता दिवस सुट्टीचा? विमा कुणाचा, त्यात इस्पितळ, मायदेशी परत आणण्याचा खर्च आणि मानसिक आरोग्याचे उपचार येतात का? घरी कुणी गंभीर आजारी पडलं तर तिकीट कोण काढणार? कामावर देखरेख करणाऱ्याशी किंवा यजमान कुटुंबाशीच न पटलं तर कुणाशी बोलायचं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तो माणूस त्या घराच्या आणि त्या केंद्राच्या बाहेरचा असला पाहिजे, आणि त्याचा नंबर तुझ्याकडे निघण्यापूर्वी असला पाहिजे. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नकोस. हवी तर प्रत दे. पीतज्वराची लस लागणाऱ्या देशात जायचं असेल तर प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस. २०१६पासून ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

समाजकेंद्रात मुलं येत असतील तर एक गोष्ट तपास: बालसंरक्षणाचं लेखी धोरण आहे का आणि तुझ्याकडे पोलिसांचा दाखला मागितला का. मागितला नसेल तर ते तुझ्यावरच्या विश्वासाचं लक्षण नव्हे. याचा अर्थ तिथे कुणाचीच चौकशी होत नाही. मुलांबरोबर बंद खोलीत एकटं थांबू नये, त्यांचे फोटो आपल्या फोनमध्ये साठवू नयेत. आणि काम अनाथालयातलं ठरलं असेल तर दोनदा विचार कर. थोड्या महिन्यांसाठी येणाऱ्या प्रेमळ तरुणांना मुलं जीव लावतात आणि ते निघून गेले की पुन्हा एकटी पडतात. शिवाय परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईबाप असलेली मुलंसुद्धा संस्थांत आणून ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली, ती याचमुळे.

एकटेपणाबद्दल लोक तुला एक आलेख दाखवतील: आधी आनंद, मग घसरण, मग सावरणं. सांस्कृतिक धक्क्याची कल्पना लोकांसमोर नेली ती कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने. त्याचं व्याख्यान १९५४चं, आणि १९६०मध्ये ते छापलं गेलं ते मिशनऱ्यांमध्ये वाचल्या जाणाऱ्या एका नियतकालिकात. दरम्यान १९५५मध्ये स्वेरे लिसगार्डने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन लोकांना विचारलं, तेव्हा सहा महिन्यांपेक्षा कमी आणि १८ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले लोक मधल्यांपेक्षा बरे रुळलेले दिसले. म्हणजे वर्षभराचा स्वयंसेवक नेमक्या अवघड टप्प्यात परत फिरतो. नंतरच्या अभ्यासांत मात्र अनेकांचा त्रास अगदी सुरुवातीलाच सर्वांत जास्त आढळला. त्यामुळे त्या आलेखावर स्वतःला मोजत बसू नकोस. तिसऱ्या आठवड्यात रडू आलं तर ते लवकर नाही आणि आठव्या महिन्यात आलं तर ते उशिरा नाही.

माझ्या पाहण्यात एकटेपणा दोन गोष्टींनी वाढतो. पहिली फोन. रोज रात्री घरच्यांशी तासभर बोललीस तर दिवसभराची सगळी कहाणी तिकडेच सांडते आणि यजमानांच्या जेवणाच्या टेबलावर सांगायला काही उरत नाही. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस ठेव, तेव्हा मनसोक्त बोल, बाकी दिवशी एखादा निरोप पुरे. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याच देशाच्या किंवा आपल्यासारख्याच परदेशी लोकांचा गोतावळा. तो आधाराला हवा, पण आठवड्याची प्रत्येक संध्याकाळ तिथेच जायला लागली तर तू त्या गावात राहत नाहीस, फक्त झोपतेस. तिथल्या लोकांबरोबर काहीतरी असं कर ज्यात सेवेचा संबंध नाही: गायनवृंद, फुटबॉल, विणकाम, काहीही. जिथे तू स्वयंसेविका नसतेस तिथे लोक तुला नावाने ओळखू लागतात.

पण दोन आठवडे झोप लागत नाही, भूक मेली आहे, अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, किंवा जगणं नको वाटतं, असं झालं तर ते एकटेपण समजून सोसू नकोस. त्याच दिवशी त्या बाहेरच्या माणसाला फोन कर आणि डॉक्टरकडे जा. ‘जास्त प्रार्थना कर’ एवढंच कुणी म्हणालं तर प्रार्थनाही कर आणि डॉक्टरकडेही जा.

विश्वासाचं म्हणशील तर तो बहुधा त्याच काळात शांत होतो, आणि त्याने तरुण घाबरतात. घरी गाणी, ओळखीचे आवाज, पाळकसाहेबांची पद्धत, युवक संघाचे मित्र या सगळ्यांनी मिळून तुझी उपासना बनलेली असते. ते सगळं एकदम काढून घेतलं की देवच दूर गेला असं वाटतं. दूर गेलेला असतो तो परिसर. अशा वेळी मोठे संकल्प करू नयेत. सकाळी एक स्तोत्र आपल्या भाषेत मोठ्याने वाच. मनातलं अगदी खोलवरचं बोलायला मातृभाषाच लागते. रविवारी मात्र स्थानिक मंडळीत बस, अर्थ लागो वा न लागो. फ्रान्समधल्या तेझे इथे, १९४०मध्ये ब्रदर रॉजर यांनी सुरुवात केलेल्या समुदायात, दिवसातून तीनदा प्रार्थना होते आणि एकेक ओळीची गीतं अनेक भाषांत पुन्हा पुन्हा गायली जातात. निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या तरुणांना पहिल्याच दिवशी सामील होता यावं म्हणून ती तशी घडत गेली. तू जिथे जाशील तिथेही अशी एखादी ओळ सापडेल, ती धरून ठेव.

मंडळी तुझ्या पंथाची नसेल, तर वर्षभर त्यांच्या रीतीने प्रार्थना कर आणि मतभेद वहीत लिहून ठेव. पहिल्या महिन्यात जे चुकीचं वाटतं त्यातलं पुष्कळसं सहाव्या महिन्यात वेगळं दिसतं, आणि जे तरीही खटकतं त्यावर तेव्हा तुला आदराने बोलता येतं. पाहुण्याने घराची मांडणी बदलायची नसते.

साक्ष देण्याबद्दल, म्हणजे आपल्या विश्वासाविषयी इतरांना सांगण्याबद्दलही, हेच. कुठे, कधी, कशा शब्दांत हे तिथल्या ख्रिस्ती लोकांना विचारल्याशिवाय काही करू नकोस. नेपाळच्या २०१८पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढलं जातं. असे कायदे इतरही देशांत आहेत. तुझ्या उत्साहाची किंमत तू विमानात बसल्यानंतर मागे राहिलेल्या मंडळीला मोजावी लागते. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर ते भित्रे नाहीत, ते तिथे राहणारे आहेत.

घरी पाठवायच्या पत्रांतही हा विचार ठेव. तुला आधार देणाऱ्यांना दर महिन्याला लिहायलाच हवं, पण त्या गावाची गरिबी दाखवून नको. ज्याच्याबद्दल लिहितेस त्याने ते पत्र वाचलं तर त्याला लाज वाटेल का, एवढं तपास. नावं आणि चेहरे परवानगीशिवाय नकोत.

आणि वर्ष पुरं झालं नाही तर? त्याबद्दल कुणी आधी बोलत नाही, म्हणून मी बोलते. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या लूकने लिहिलेल्या पुस्तकात योहान ऊर्फ मार्क पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर निघाला आणि पिर्गाहून परत फिरला. का, ते लूक सांगत नाही. पुढे त्याला पुन्हा न्यावं की नाही यावरून त्या दोघांत इतका वाद झाला की ते वेगळे झाले. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलच सांगतो की मार्कला घेऊन ये, सेवेत तो उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने त्याला सोबत नेलं होतं. घर असुरक्षित निघालं, संस्था दिलेला शब्द पाळेना, प्रकृती साथ देईना, तर परत ये. फक्त रागाच्या किंवा आजारपणाच्या रात्री ठरवू नकोस. त्या बाहेरच्या माणसाशी बोल, दोन आठवडे दे आणि मग ठरव. घरी तुझा बर्णबा कोण असेल, ते मात्र निघण्यापूर्वीच ठरवून ठेव.

परतीचीही तयारी लागते. घरी आल्यावर पुन्हा एक धक्का बसतो हे गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३मध्येच मांडलं होतं, तरी संस्था त्यावर अर्धा दिवससुद्धा खर्च करत नाहीत. लोक पाच मिनिटं ऐकतात आणि विषय बदलतात. पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परतले तेव्हा मंडळी एकत्र जमवून त्यांनी सगळं सांगितलं, आणि मग ते तिथे बराच काळ राहिले. तुझ्या पाळकांना आत्ताच सांग की परत आल्यावर मला एक पूर्ण संध्याकाळ हवी आहे, आणि त्यानंतर काही महिने कुठलीही जबाबदारी नको.

आईवडिलांचं सांगते. ‘देवाने बोलावलंय’ एवढ्याने त्यांची काळजी कमी होत नाही, उलट त्यांना बोलायची जागाच उरत नाही. वर सांगितलेली लेखी उत्तरं त्यांच्यासमोर ठेव. विम्याचा कागद, यजमानांचा पत्ता आणि त्या बाहेरच्या माणसाचा नंबर यांच्या प्रती त्यांना दे. मग तू निघण्यापूर्वी यजमान कुटुंबाशी व्हिडिओ कॉल लावून दे, आणि तू स्वतः खोलीबाहेर जा. भाषा जुळत नसेल तर एखादा दुभाषी बसव. दोन घरांतल्या आया एकमेकींना काय विचारायचं ते बरोबर विचारतात: ती काय खात नाही, तिला कशाची भीती वाटते, ताप आला की तिला काय लागतं. तिकडच्या आईला ती उत्तरं पहिल्याच आठवड्यात लागतील.